मेंदूवर अक्षता

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. एकदा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मानपाड्याच्या एका केमिकल कारखान्यातून मालकांचा फोन आला, "मशीन दहा मिनिटांत हँग होतंय. व्हायरसच आहे." रोग त्यांनी आधीच ठरवलेला, मी फक्त औषधापुरता.

गेलो, पेटी उघडली. प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्यात तांदळाचे दाणे अडकलेले आणि सगळीकडे हळदकुंकू. पंखा बंद, प्रोसेसर तव्यासारखा तापलेला. बंद पेटीत अक्षता गेल्या कशा, असं विचारलं.

मालक म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, प्रोसेसर म्हणजे मेंदू? मग नुसत्या पत्र्याची कसली पूजा करायची? झाकण काढून थेट मेंदूचीच केली."

माझं डोकं भडकलं. चिमट्याने एकेक दाणा काढून कागदावर ठेवला, ब्रशने हळद झाडली आणि हा पंखा आहे, देव्हारा नव्हे, हे तीनदा समजावलं. मालकांनी तीनदा मान डोलावली. मशीन सुरू केलं. अर्धा तास झाला तरी हँग होईना.

मालक गहिवरले. त्यांनी हात जोडले ते मशीनला. आणि मी झाकण लावायच्या आत कागदावरच्या अक्षता उचलून पुन्हा वाहिल्या.