हिरवा चिखल, काळी पूड

दोन केमिस्ट एका भट्टीपाशी उभे करा. काम होवो न होवो, किस्से हमखास होतात! जळगावच्या आमच्या तेलगिरणीत धुळ्याच्या देवपुरातले नाना आणि मी. नाना एका जागी दोन मिनिटं बसतील तर शपथ!

लढाईमुळे विलायती कॅटॅलिस्ट यायचा बंद झाला. त्याच्याशिवाय तेलाचं वनस्पती तूप होईना. शेठ म्हणाले, "मे संपायच्या आत इथेच बनवा, नाहीतर लॅब बंद." नानांना लॅबची काळजी, मला नोकरीची!

*

निकेल आणि तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात सोडा घातला की हिरवा चिखल बसतो. तो सल्फेट जाईपर्यंत धुवायचा. धुतलेल्या पाण्यात बेरियमचा थेंब टाकला की पांढरं, म्हणजे सल्फेट अजून आहे. परत धू! परत पांढरं! हात सोलवटले. वैतागून मी ज्या विहिरीच्या पाण्याने धुवायचो, त्या नुसत्या पाण्यात थेंब टाकला. तेही पांढरं!

नाना म्हणाले, "बरं झालं. आता विहीर धुवा!"

*

चिखल गच्चीवर वाळत घातला. गिरणीच्या जमादाराची आई, अक्का, पापड वाळवायला वर आली.

"हाई काय शे?"

"याने तेलाचं तूप होतं, अक्का."

"देवले चालस का?"

नाना येरझारा घालतच ओरडले, "आधी शेठला चालू द्या!"

*

भट्टीत हिरव्याचं काळं व्हायला आच एकसारखी लागते. नाना सारखे दार उघडून रंग बघायचे. भट्टीवाले गुलाबभाई चिडले, "नाना, ये खिचडी नहीं है!"

"मग माझे हात बांधा!"

गुलाबभाईंनी खरंच उपरण्याने बांधले. चहा मी पाजला.

*

मग ती काळी पूड हायड्रोजनमध्ये तापवायची आणि थेट तेलात सोडायची. हवा लागली की पेटते. शेठ हट्टाला पेटले, "मला बघायचीय." नानांनी चिमूटभर विटेवर टाकली. भर्रकन लाल! शेठ स्टुलावर चढले.

"बिघडलं का हो?"

"पेटलं म्हणजे जिवंत आहे, शेठ!" नाना अक्षरशः नाचत होते.

*

मे संपत आलेला, जळगावची भाजून काढणारी भर दुपार. पहिलं तूप वाटीत घालून शेठपुढे ठेवलं. शेठनी वाटी कलती केली. पाण्यासारखं वाहिलं!

"हे तर तेलच! जमादार, कुलूप आण."

नानांनी खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "शेठ, घरून तुमच्या म्हशीचं तूप मागवा."

तूप आलं. शेजारच्या वाटीत ओतलं. शेठनी ही वाटी कलती केली, ती केली, परत ही केली. दोन्हीकडे सारखंच वाहत होतं. जमादार कुलूप घेऊन दारात उभा.

"शेठ, कुठे लावू?"

शेठ म्हणाले, "म्हशीच्या गोठ्याला!"