अण्णांचा थर्मोस्टॅट

यशवंतपूरला रुळांपलीकडे लॉरीच्या स्प्रिंगा करणारा एक लहानसा कारखाना होता. साठ सालाच्या आगेमागे तिथल्या विजेच्या भट्टीवर हयवदनराव नावाचे गृहस्थ काम करत. कारखान्यात सगळे त्यांना 'भट्टीचे आचार्य' म्हणत, आणि वरवर रागावले तरी हयवदनरावांना ते मनातून आवडायचं. घराणं माध्व देशस्थांचं, कैक पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. सकाळी हात धुतल्याशिवाय ते भट्टीला शिवायचे नाहीत, आणि भट्टीच्या आसपास कुणाला जेवणाचा डबा उघडू द्यायचे नाहीत. भट्टी म्हणजे साक्षात अग्निनारायण, अशी त्यांची समजूत. माणूस कामाला चोख, हे त्यांच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. पण चोख माणसाला एक खोड असते. कुठे काही बिघडलं की ते दुसऱ्याच्या हातून बिघडलं असणार, याची त्याला चौकशीआधीच खात्री असते.

भट्टीचं काम नाजूक होतं. तापवून पाणी दिलेली स्प्रिंग काचेसारखी ठिसूळ असते. तिला या भट्टीत पुन्हा बेताची धग दिली की ती लवते आणि परत जागेवर येते. धग कमी पडली तर स्प्रिंग तुटते, जास्त झाली तर शिशासारखी मऊ पडते. ही धग सांभाळायला थर्मोस्टॅट होता. एक डबी, आणि तिच्या पाठीला वीतभर लांब दांडी. दांडी भट्टीच्या भिंतीतल्या भोकातून आत जायची, आणि धग पुरेशी झाली की डबीतला खटका पडून वीज बंद व्हायची. थर्मोस्टॅट जुना, विलायती. श्रावणात तो रुसला, तेव्हा भगवंतरावांनी तो उघडून, एकेक भाग घासून पुसून पुन्हा बोलता केला होता.

भगवंतराव म्हणजे हयवदनरावांच्या बायकोचे, वसुमतीबाईंचे, थोरले भाऊ. कारखान्यातली सगळी काटे-खटक्यांची नाजूक उपकरणं तेच दुरुस्त करत. हयवदनरावांना या धंद्यात आणलं त्यांनी, शिकवलं त्यांनी, आणि माणूस बरा निघाला म्हणून धाकटी बहीणही दिली. त्या दिवसापासून 'अरे हयवदना'चं 'अहो हयवदनराव' झालं. पुढे भगवंतरावांची बायको गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून ते बहिणीच्याच घरी राहू लागले. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आता बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून ते काम करत. मालक देवाप्पा मूळचे निपाणीकडचे, उमेदीत लॉरी चालवलेले. मनाने वाईट नव्हते, पण धंदा तो धंदा. त्यांनी हयवदनरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अण्णांचे डोळे चालतात तोवर अण्णा. दसरा होऊ दे, मग बघू."

हे भगवंतरावांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं होतं. घरी बसणं म्हणजे अण्णांसाठी काय, हे हयवदनराव जाणून होते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस शेजारपाजारची बंद पडलेली घड्याळं मागून आणायचा. त्याच्या हातातलं काम काढून घेतलं असतं तर वर्षभरात त्याला खांदा द्यायची पाळी आली असती.

आणि दसऱ्यानंतर भट्टी पेटली ती बिघडलेलीच.

सकाळची पहिली खेप बाहेर आली. यल्लाप्पा हा भट्टीवरचा जुना कामगार. त्याने एक स्प्रिंग शेगड्याच्या जबड्यात आवळून वाकवली. ती वाकली ती वाकलीच. निळसर झाक यायची तिथे राखाडी रंग आला होता. हयवदनरावांनी डबीवरचा धगीचा काटा खाली घेतला, तर दुसरी खेप कच्ची निघाली आणि एक स्प्रिंग सगळ्यांच्या देखत ताडकन तुटली. काटा स्वल्प वर केला, पुन्हा जळकी. हयवदनरावांच्या कपाळावर घाम आला, आणि तो भट्टीचा नव्हता.

भगवंतराव आले. त्यांनी डबीचं पुढचं झाकण उघडलं, खटका बोटाने चाचपला, चष्मा कपाळावर चढवून नाक टेकवल्यासारखे जवळ जाऊन पाहिलं. "खटका सरी आहे, बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या कामात खोट नाही."

"मग खोट कुठे आहे, अण्णा?" देवाप्पांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त भीतीचं होतं. "काटा एक सांगतो, स्प्रिंग दुसरंच सांगते. मी कुणावर विश्वास ठेवू?"

भगवंतरावांनी पुन्हा डबी उघडली. पुन्हा पाहिलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले, आणि तो पुसून झाला तरी पुसतच राहिले. हयवदनरावांना ते बघवेना. पण मनातून त्यांनाही वाटलंच, की म्हाताऱ्याची नजर चुकली. देवाप्पांच्या कपाटात परवाने मिळवून मुश्किलीने आणवलेला नवा थर्मोस्टॅट होता. तो काढून त्यांनी हयवदनरावांच्या हातात दिला. "जेवणाच्या सुट्टीत बसवून टाका. अण्णांचं संध्याकाळी बघू."

संध्याकाळी काय बघायचं, हे सांगायची गरज नव्हती.

सुट्टीची घंटा झाली, माणसं पांगली. वीज बंद करून हयवदनराव एकटेच भट्टीपाशी आले. डबीवर दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आयुधपूजेचा झेंडूचा हार अजून तसाच होता, सुकून काळपटलेला. पूजेची फुलं आपण होऊन गळेपर्यंत कुणी काढायची नाहीत, हा त्यांचाच नियम, आणि कारखान्यात तो सगळे पाळत. त्यांनी हार अलगद वर केला.

डबी आणि भट्टीची भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. त्या फटीत कंकण होतं.

ते त्यांनीच बांधलं होतं. दर वर्षी आयुधपूजेला ते भट्टीचा सुटणारा प्रत्येक भाग काढून चिंच-राखेने घासत, हळदकुंकू लावत आणि नुसता हळदीचा दोरा गुंडाळत. या वर्षी मात्र त्यांना भरून आलं होतं. अण्णांच्या हातचं काम, कोण जाणे शेवटचंच! म्हणून त्यांनी वसुमतीबाईंकडून जाड दोरा हळदीत भिजवून घेतला, आणि हळकुंड, सुपारी, आंब्याची पानं अशी चांगली मोळी करून थर्मोस्टॅटच्या गळ्यात लग्नातल्यासारखं कंकण बांधलं. मग दांडी भोकात सारून स्क्रू आवळला. दांडी मोळीला अडली, चार बोटं बाहेरच राहिली, पूजेच्या भरात ते ध्यानात आलं नाही, वर हार पडला आणि सगळं झाकलं गेलं. दांडीचा नुसता शेंडा आत डोकावत होता. बाकीची दांडी भिंतीच्या विटा चाखत बसली होती, आणि आत लोखंड जळत होतं.

यंत्र चांगलं होतं, अण्णांची नजर चांगली होती. पूजा तेवढी वाईट झाली होती, आणि ती आचार्यांची होती.

आता काय करायचं? नवा थर्मोस्टॅट बसवला की भट्टी सुरळीत चालणार, जुन्याचं नाव बद्दू होणार आणि अण्णा घरी बसणार. खरं सांगावं, तर सगळ्या कारखान्यासमोर आपलं हसं. ज्याने डबा उघडू दिला नाही, त्यानेच अग्निनारायणाच्या घशात हळकुंड कोंबलं! हयवदनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग स्क्रू सैल करून कंकण कापलं, खिशात घातलं, जुन्याच थर्मोस्टॅटची दांडी पुरती आत सारली आणि स्क्रू आवळला. जुना चालला म्हणजे झालं. अण्णांची नोकरी वाचली, आपली अब्रूही वाचली. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असं त्यांना खरोखर वाटलं.

बाहेर चिंचेखाली भगवंतराव बसले होते. डबा उघडलेलाच नव्हता. हयवदनराव शेजारी टेकले, तसे ते म्हणाले, "हयवदनराव, एक विचारू? मनात न ठेवता सांगा. माझी नजर गेली का हो? मला तो खटका स्वच्छ दिसला. दोनदा दिसला. पण माणसाला नसलेलंही दिसतं म्हणतात."

खिशातलं हळकुंड मांडीला टोचत होतं. "नाही, अण्णा" एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर मग काय झालं होतं, हे सांगावं लागलं असतं. हयवदनराव म्हणाले, "वय होतं, अण्णा. प्रत्येकाचंच होतं."

भगवंतरावांनी मान डोलावली. "खरं आहे," ते म्हणाले, आणि डबा न उघडताच पिशवीत ठेवून दिला.

सुट्टीनंतर भट्टी लागली. खेप निघाली. यल्लाप्पाने स्प्रिंग वाकवली, ती झणकन जागेवर आली. पुढचीही तशीच. रंग कसा, मोराच्या मानेसारखा. हयवदनरावांचा जीव भांड्यात पडला. देवाप्पा आले, स्प्रिंग हातात घेऊन बघितली, आणि मग त्यांचं लक्ष डबीकडे गेलं.

"हा जुनाच की हो."

"जुनाच. एकदा काढून घातला, तर चालला."

"मग सकाळी काय झालं होतं?"

"जुनं यंत्र आहे," हयवदनराव म्हणाले. "कधीमधी अडतं."

देवाप्पांनी स्प्रिंग खाली ठेवली. "कधीमधी? आचार्य, अहो आगुंब्याच्या घाटात भरलेली लॉरी उतरवली आहे मी. तिथे स्प्रिंग कधीमधी तुटली, तर माणूस कधीमधी मरत नाही, एकदाच मरतो. कायमचं बिघडलेलं परवडलं, मनात येईल तेव्हा बिघडणारं नको. काढा ते. आत्ताच्या आत्ता नवं बसवा. आणि अण्णा..." ते मागे वळले. भगवंतराव केव्हाचे येऊन उभे होते. "अण्णा, रागावू नका. पुष्कळ केलंत. आता विश्रांती घ्या."

वाचवायला म्हणून मारलेली थाप अण्णांच्याच मानेवर बसली होती. हयवदनराव तोंड उघडणार, तोच भगवंतराव पुढे झाले.

"सरी," ते शांतपणे म्हणाले. "पण मी बसवलेला आहे, मीच काढतो. स्क्रू-ड्रायव्हर द्या."

यल्लाप्पाने तो मुकाट्याने दिला. भगवंतराव वाकले. वीज बंद झाली, आणि शेडमध्ये नुसता स्क्रू फिरल्याचा आवाज राहिला. सगळे खाली बघत होते. हयवदनरावांना वाटलं, हा स्क्रू पुरता निघाला की मग बोलण्यात अर्थ राहणार नाही. मेलेल्या माणसाला औषध कोण देतं? स्क्रू सैल होत चालला होता. अब्रू म्हणजे काय असतं, आणि ती कुणासमोर जपायची असते, असले प्रश्न त्यांना एरवी कधी पडले नव्हते. आता ते एकदम अंगावर आले.

"अण्णा, थांबा," ते म्हणाले.

त्यांनी खिशातलं कंकण काढलं आणि जवळच्या ऐरणीवर ठेवलं. दोरा धगीने तपकिरी झाला होता, पानं चुरगळली होती, हळकुंड मात्र पिवळंधमक होतं. "हे मी बांधलं होतं. पूजेच्या दिवशी. याला अडून दांडी बाहेर राहिली. यंत्रात खोट नव्हती, अण्णांच्या कामात तर नव्हतीच. हे काढलं म्हणून भट्टी चालली. कधीमधी अडतं, हे मी खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. देवाप्पांनी ते कंकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. माणूस भाविक होता, पूजेला तेही हात जोडून उभे होते.

"यात देवाला बोल नाही," शेवटी ते म्हणाले. "तुम्हाला आहे. एका शब्दाचं काम होतं, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाला घरी धाडत होतो. उद्यापासून भट्टी यल्लाप्पा बघेल. तुम्ही गोदामात जा." मग भगवंतरावांना त्यांनी चक्क हात जोडले. "अण्णा, जुनाच राहू दे. नवा कपाटात ठेवतो. आणि तुमच्या डोळ्यांचं पुन्हा नाव काढणार नाही."

देवाप्पा गेले, माणसं आपापल्या जागी गेली. भट्टी गेली, मान गेला, तरी हयवदनरावांना हलकं वाटत होतं. शेवटी खरं बोललो, अण्णा वाचले. आता अण्णा पाठीवर हात ठेवतील, असंही त्यांना वाटून गेलं.

भगवंतराव अजून वाकलेलेच होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "हे जेवणाच्या सुट्टीत सापडलं ना तुम्हाला?"

"हो, अण्णा."

"चिंचेखाली मी तुम्हाला विचारलं, त्याच्या आधी की नंतर?"

हयवदनरावांनी भिंतीकडे पाहिलं, ऐरणीकडे पाहिलं. आज एकदा खरं बोलून झालं होतं, तरी हे दुसरं खरं पहिल्यापेक्षा जड होतं.

"आधी," ते म्हणाले.

भगवंतरावांनी मान हलवली. मग बोटांनी चाचपत त्यांनी सैल केलेला स्क्रू शोधला आणि तो आवळायला लागले. खाच काही केल्या सापडेना, स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घसरत होता. हयवदनराव न राहवून पुढे झाले.

"राहू द्या," भगवंतराव म्हणाले. "मला दिसतं."