घरमालकीणबाईंची चादर

घरमालकीणबाई एका दिवसात एकच गोष्ट पाहायच्या. दुसरी दाखवायला गेलं तर डोळे मिटून घ्यायच्या. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे. एकदा किल्ला पाहून परतताना मी हौसेनं गाडी बाब अल बहरीनच्या बाजाराकडे वळवली. म्हटलं, वाटेतच आहे, सोन्याची दुकानं दाखवावीत. शेजारच्या सीटवर पाहते तर बाई डोळे घट्ट मिटून बसलेल्या. "आजचा किल्ला झाला. बाजार उद्या," त्या म्हणाल्या. अमेरिकेत मैत्रिणीच्या मुलाकडे राहिल्या असताना त्यानं त्यांना इतकं फिरवलं होतं, की घरी परतल्यावर त्यांना फक्त पार्किंगच्या जागा आठवत होत्या. तेव्हापासून त्यांनी हा नियम केला होता.

खरं तर त्या आमच्या पाहुण्या. पण माझा नवरा समीर अकाउंटन्सी शिकायला इंग्लंडला होता, तेव्हा त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. तापात त्याला सूप करून घालणाऱ्या आणि आंघोळीला जास्त वेळ लावला तर दारावर टकटक करणाऱ्या याच बाई. त्यामुळे बहरीनला माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊनही त्या घरमालकीणच राहिल्या. यजमान वारल्यावर त्यांनी हिंडायचं मनावर घेतलं आणि दर हिवाळ्यात आमच्याकडे येऊ लागल्या. समीर बाथरूममध्ये रेंगाळला की अजूनही दारावर टकटक व्हायची.

बाजारात त्या काही विकत घेत नसत. दुकानदार "यल्ला मॅडम, बेस्ट प्राइस" म्हणाला की हसून "इंशाल्ला" म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या. नकार देण्याचा इतका सभ्य शब्द इंग्रजीत नाही, असं त्यांचं मत होतं. पुढे पुढे त्या माझ्या दुसऱ्या पोळीलाही इंशाल्ला म्हणू लागल्या.

त्यांची खरी गट्टी जमली ती माझ्या सासूबाईंशी. सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी आणि समीर ऑफिसात, आमची लेक ईरा शाळेत, आणि संध्याकाळी घरी आलेली नात मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणार. दिवसभर त्या माउलीशी बोलायला फ्लॅटमध्ये कोणी नसे. बाईंना मराठीचा गंध नव्हता आणि सासूबाईंना इंग्रजीचा, पण दोघींचं अडलं मात्र कुठेच नाही. इथल्या वाळवंटात एकटंच उभं असलेलं एक जुनं झाड आहे, ते पाहायला लोक जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. या दोघी घडीच्या खुर्च्या टाकून दुपारभर तिथे बसल्या. सासूबाई संत्री सोलून देत होत्या आणि आपल्या धाकट्या जावेची कागाळी सांगत होत्या. बाई अगदी योग्य जागी मान हलवत होत्या. दुसऱ्या दिवशीची 'एक गोष्ट' म्हणून सासूबाईंनी त्यांना जिदहफ्सच्या मासळीबाजारात नेलं. हामूर माशाचा कल्ला उचलून दोघींनी एकदमच नाक मुरडलं, तेव्हा मासेवालाही हसला.

असेच दोन हिवाळे गेले. दुसऱ्या वेळी समीर त्यांना सोडायला विमानतळावर गेला आणि मी स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात सासूबाईंची हाक आली. आवाज वेगळाच होता. जाऊन पाहिलं तर बाईंच्या खोलीतल्या पलंगावर नुसती गादी. चादर, अभ्रे, पांघरूण, सगळं चौकोनी घड्या घालून पायथ्याशी ठेवलेलं. पहिल्या वर्षी सासूबाई पहाटे झोपेत होत्या आणि मी मशीन लावून मोकळी झाले होते, त्यामुळे हे त्यांच्या नजरेस पडलं नव्हतं.

"अगं, हे काय करून गेल्या त्या?"

"आई, तिकडची पद्धत आहे ती. पाहुण्यानं निघताना अंथरूण काढून ठेवायचं. आपलं काम वाढू नये म्हणून."

"असेल पद्धत. आपण माणूस गावाला गेलं तर लगेच केरसुद्धा काढत नाही. अंथरूण कुणाचं गुंडाळतात, ठाऊक आहे ना तुला?" त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "आता नाही यायच्या त्या."

मी समजूत घालायला गेले, पण त्यांनी ऐकलं नाही. तीच चादर पुन्हा अंथरली, तेच अभ्रे घातले आणि मला म्हणाल्या, "विमान सुटायच्या आत झालं, बरं झालं." त्या चादरीला त्यांनी पुढे आठवडाभर मला हात लावू दिला नाही.

समीरनं फोनवर बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, मी तिचं घर नीट ठेवायला गेले होते. तिला दुखवायला नाही." सासूबाईंचा जीव मात्र वर्षभर टांगणीला होता. कुणाला बोलून दाखवत नव्हत्या, पण दिवाळी झाल्यावर रोज विचारायच्या, "त्यांचं तिकीट काढलं का गं?"

त्या आल्या. विमानतळावर सासूबाईंनी त्यांना अशी मिठी मारली की बाईंची हॅट पडली. निघायच्या दिवशी मी चहा द्यायला खोलीत गेले, तर बाई दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. पलंग सवयीनं चापूनचोपून आवरलेला. मी पाहत असतानाच त्या पुढे झाल्या, पांघरूण ओढून विस्कटलं, उशीवर बुक्की मारून खळगा पाडला. मी पाय न वाजवता मागे फिरले. त्या दिवशी सासूबाईंनी त्या खोलीचं दार नुसतं लोटून घेतलं आणि दिवसभर गुणगुणत होत्या.

त्या उन्हाळ्यात सासूबाई लग्नाला सांगलीला गेल्या आणि तिथेच गेल्या. माहूजमधलं त्यांचं अंथरूण मलाच काढावं लागलं. मला ते जमेना. शेवटी बाईंना व्हिडिओ कॉल लावला, आणि मी घडी घालेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवास बंद केला. मला सासूबाई आठवल्या की त्याही आठवतात, दोघींना वेगळं करता येत नाही.

यंदा ईरा शिकायला इंग्लंडला गेली आणि सुट्टीत बाईंकडे, बापाच्याच त्या माडीवरच्या खोलीत राहिली. निघताना तिचा फोन आला. एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणारी पोरगी मराठीत बोलत होती, अडखळत.

"आई, मी बेडशीट काढत होते. तिनं काढू नाही दिली."

"मग?"

"म्हणाली, या घरात आता तुझ्या आजीची पद्धत आहे. तू परत येईपर्यंत हे असंच राहील."