हिरवी बाटली आणि भैयाजींचं नाक

महाल भागातल्या त्या बोळीत भैयाजींच्या आधी त्यांचा वास पोचायचा. कोपऱ्यावरचा पोहेवाला तर्री ढवळता ढवळता, मान वर न करताच, "या भैयाजी!" म्हणायचा. माणूस तसा अगदी साधा. इतवारीतल्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून दिवसभर पदर उलगडून दाखवायचे आणि संध्याकाळी पुन्हा घड्या घालायच्या. पण दाढीनंतर गालांवर काय चोळायचं, या एका बाबतीत भैयाजी नवाब होते. हल्लीच्या फवाऱ्याच्या डब्यांना ते सरळ मच्छर मारायचं औषध म्हणत. त्यांची काचेची हिरवी बाटली ठरलेली, आणि तिच्याबद्दल कुणी विचारलं की साडीपेक्षा जास्त रंगून सांगत.

"पहिले तर हे चावते," ते म्हणायचे. "मंग तुळस अन् गवती चहा हातावर चुरगळल्यावानी येते. पन खरा माल दुपारी बाहेर येते, घाम आल्यावर. सागाचा भुसा, अन् कूलरच्या ओल्या वाळ्यावानी गारवा. सेंट तं कोनीबी मारते. याले दम लागते."

ही आवड त्यांना लावली थोरल्या भावानं, मुकुंदानं. घराणं विणकरांचं. माग चालत होते तोवर दोघा भावांच्या हातांना ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, द्यायच्या खळीचा पिठूळ वास कायम असायचा, साबणानंही न जाणारा. भैयाजींसाठी उमरेडला मुलगी पाहायला निघाले तेव्हा मुकुंदानं कुठून तरी ही बाटली पैदा केली आणि भावाचे गाल, मान, मनगटं, सगळं चोळून काढलं. मुलीनं होकार दिला. भारतीबाई अजून सांगतात, "म्या कुठं मान वर केली होती? हो म्हटलं ते वासालेच."

तो मुकुंद दोन वर्षांपूर्वी गेला. कसा गेला ते घरातलं कुणी विसरलं नाही. सुरुवात हाताच्या थरथरीनं झाली नव्हती, ती नंतर आली. त्याच्या कितीतरी आधी एका सकाळी तो बाटली नाकाला लावून म्हणाला होता, "भैया, दुकानदारानं पानी मिसळलं काय रे यात?" भैयाजी तेव्हा खूप हसले होते. मग मागावरचा धोटा हातातून निसटायला लागला, मग सदऱ्याची गुंडी लागेना, मग घास तोंडापर्यंत पोचेना. शेवटी भारतीबाई दिराला चमच्यानं भरवत. डॉक्टर म्हणाले, कंपवात. कधी कधी नाक आधी जातं म्हणाले.

आणि यंदा, थंडी सरता सरता, एका सकाळी भैयाजींनी दाढी केली, तळव्यावर थेंब घेतले, गालांवर थापटले. चावलं नेहमीसारखं. पण वास आला नाही.

त्यांनी बाटलीचं तोंड नाकपुडीला टेकवून ओढून श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही नाही. सर्दी असेल, ते स्वतःला म्हणाले. पण सर्दी नव्हती. आरशातल्या माणसाचा उजवा हात ते कितीतरी वेळ बघत राहिले. हात स्थिर होता. मग त्यांना वाटलं की आपण बघतोय म्हणूनच तो स्थिर आहे.

त्या दिवसापासून भैयाजींचं आयुष्य पोखरलं गेलं. गिऱ्हाइकासमोर पदर धरला की लक्ष काठावर नसे, बोटांवर असे. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले. स्वयंपाकघरात भारतीबाईंनी मिरचीचा ठेचा परतला आणि भैयाजींना जोराचा ठसका लागला, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की बाईंना वेडच लागायची पाळी आली. ठसका लागतोय म्हणजे नाक शाबूत आहे! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हा. पण भारतीबाई अंगणात गेल्या तेवढ्यात त्याच कढईतली फोडणी करपली, त्या धावत आल्या आणि ओरडल्या, "शेजारी बसून होते, करपटलेलं समजत नाई का तुमाले?" भैयाजींनी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं.

सांगायचं तरी कुणाला? दिराला भरवून भरवून जी बाई थकली होती, तिलाच परत सांगायचं, आता माझी पाळी? नाही. त्यापेक्षा ते बाटली जास्त ओतू लागले. आपल्याला येत नाही तर नाही, लोकांना तरी आला पाहिजे. किती ओतायची याचा अंदाजच उरला नव्हता. दुकानात एक बाई पदर नाकाला लावून दुसऱ्या गादीकडे सरकली. "अहो, आंघोळ करून राहिले का त्यानं?" भारतीबाईंनी एकदा विचारलं. भैयाजी उगाच त्यांच्यावर खेकसले आणि चप्पल घालून बाहेर गेले.

अशातच कुशलचा फोन आला. कुशल म्हणजे मुकुंदाचा मुलगा. दिवसा ई-रिक्षा चालवायचा, पण बापाचा एक हातमाग त्यानं राखला होता. "काका, नवा ताना लावतो. खळ तयार आहे. येऊन पाहून जा."

जावंच लागणार होतं. त्यांच्या घराची रीतच होती. खळीचा कुंचा ताण्याला लागण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यानं तिचा वास घ्यायचा. आंबली असेल तर फेकायची, नाहीतर सूत कुजतं. वडीलधाऱ्यानं "लाव" म्हटल्याशिवाय कुणी कुंच्याला हात लावत नसे. आधी मुकुंद म्हणायचा, आता भैयाजी.

वाटेत मनात कुठेतरी होतं, बाटली फसवेल, खळ फसवणार नाही. जन्मभराचा वास तो.

दारात पाऊल ठेवताच कुशलनं त्यांच्याकडे चमकून पाहिलं. आत जाऊन खळीनं भरलेलं भगुनं घेऊन आला आणि त्यांच्यापुढे धरलं. भैयाजी वाकले. डोळे मिटून श्वास घेतला. पुन्हा घेतला. आत नुसतीच हवा गेली. पांढरट खळ संथ पडली होती, तिच्याकडे पाहून काही कळत नव्हतं. त्यांनी मान वर केली, आणि आवाज शक्य तितका घट्ट करून म्हणाले, "झकास आहे. लाव."

कुशल कुंच्याकडे वळला नाही. भगुनं हळूच खाली ठेवून तो त्यांच्यासमोर बसला.

"काका, ही फेकाची आहे. आंबून सडली. पोरं नाक दाबून पळाली इथून." त्यानं भगुनं बाजूला सरकवलं. "तुमी दारात आले तवाच मले भेव वाटलं. बाबा बी असीच बाटली रिकामी करत होते. म्हनून चांगली खळ ठेवून हे जुनं भगुनं आनलं."

चोरी पकडली गेल्याची लाज वाटावी तर भैयाजींच्या अंगात तेवढाही जोर नव्हता. त्यांनी फक्त पुतण्याचा हात धरला, आणि तेव्हा त्यांना कळलं की तो हात घामानं ओला झालाय.

"तुले काय झालं रे?"

कुशलनं खाली पाहिलं. "म्या तुमच्यावानीच बाटली आनून ठेवली आहे घरी. लावत नाई. रोज सकाळी झाकन उघडून पाहतो फक्त. येते का नाई म्हनून."

"मंग?"

"येते अजून. पन उद्याचं काय सांगू?"

एवढे दिवस भैयाजींना वाटत होतं की ही भीती आपल्या एकट्याची आहे. आपण ती तोंड मिटून गिळली की घर वाचलं. आणि हे पोर, जवानीतलं, रोज सकाळी एकटं उभं राहून तीच भीती हुंगत होतं. बापानं लपवलं, काका लपवतोय, मग त्यानं तरी दुसरं काय शिकायचं?

त्यांनी खिशातून फोन काढला आणि कुशलला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"हां, बोला," पलीकडून भारतीबाई म्हणाल्या.

"ऐक वं." भैयाजी भगुन्याकडे पाहत म्हणाले. "मले वास येऊन नाई राहिला. कशाचाच. लय दिवस झाले."

पलीकडे कढईत काहीतरी चुरचुरत होतं. मग गॅस बंद झाल्याचा खटका आला.

"माहीत आहे मले," त्या हळू म्हणाल्या. "फोडनी करपली तवापासून. तुमी सांगाची वाट पाहून राहिली होती."

भैयाजींनी डोळे पुसले. कुशल त्यांच्याकडे टक लावून पाहत होता.

"उद्या दवाखान्यात जाऊ," ते फोनमध्ये म्हणाले. "नंबर लाव. अन् कुशल बी येते संगं, त्याचाबी लाव."