खडकाची वेळ

बसडेपोत त्यांना सगळे मिनिटराव म्हणायचे. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, बसगाड्यांची वेळापत्रकं आखायचं. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटेल, समोरून येणारी तिला कुठे भेटेल, ड्रायव्हर चहा कुठे घेईल, सगळं त्या लांबलचक कागदांवर. एकदा एका ड्रायव्हरने तक्रार केली, "साहेब, चहाला चार मिनिटं दिलीत, चहा गरम असतो हो." मिनिटराव स्वतः त्या टपरीवर गेले, घड्याळ लावून चहा प्याले, जीभ पोळून घेतली आणि परत येऊन साडेपाच मिनिटं केली. असा माणूस.

पण निवृत्त होऊन आठ महिने झाले आणि त्यांच्या पायाला जी भिंगरी लागली, ती काही थांबेना. गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. "अहो, दूध कधी उतू जातं त्याचं टाचण केलंत, आता बसा की जरा," बायको म्हणायची. ते बसायचे. टेकायचे म्हणा. लगेच उठायचे. घरात कुणाला त्यांच्याकडून काही नकोच होतं, हीच तर पंचाईत.

अशात नात सुट्टीला आली आणि म्हणाली, "आजोबा, माझं एक काम कराल? पण नीट वेळ बांधून करायचंय."

म्हाताऱ्याच्या तोंडावर काय उजेड पडला म्हणता!

काम होतं कॉस्प्लेचं. म्हणजे आवडत्या गोष्टीतल्या माणसासारखा हुबेहूब वेश करायचा आणि फोटो काढायचे. नातीच्या एका खेळात समुद्रातल्या किल्ल्याची पहारेकरीण होती. तिचं चिलखत नातीने व्यायामाच्या जुन्या चटया कापून, खवल्यावर खवला चिकटवून, चंदेरी रंग मारून केलं होतं. तीन महिने खपली होती पोर. किनाऱ्यापासून थोडा आत एक काळा खडक होता. त्याच्यावर उभं राहून फोटो हवे होते. मंगळवारी ती वसतिगृहावर परत जाणार, तेव्हा रविवार एवढा एकच दिवस. फोटो काढणारा तिचा मित्र रंगाच्या दुकानात कामाला, त्याला रविवारी दोननंतर सुट्टी.

मिनिटराव आदल्या रविवारी, म्हणजे आठवडाभर आधीच, किनाऱ्यावर जाऊन आले. चार वाजता खडक कोरडा ठणठणीत, चालत जाता येत होतं. घरी येऊन त्यांनी कागद आखला. तीन वीसला घर सोडणे. तीन पन्नासला केसांचा टोप बसवणे. चार दहाला खडकावर. शेवटच्या ओळीत, 'आजोबा : वेळ पाहणे.' कागदाच्या चार प्रती काढल्या.

"डोळे मिटून जा आता," ते नातीला म्हणाले.

स्वतःला मात्र चैन पडेना. शनिवारी, उगीच एकदा नजर टाकावी म्हणून, ते चारच्या ठोक्याला पुन्हा किनाऱ्यावर गेले. खडक नव्हताच. जिथे खडक असायचा तिथे पाणी डुलत होतं.

वाळूवर एक बाई टोपलीतले शिंपले निवडत बसली होती. मिनिटरावांनी तिला विचारलं, "बाई, इथला खडक?"

"आहे की. खाली."

"मागच्या रविवारी चार वाजता वर होता."

"मागच्या रविवारी होता," बाई म्हणाली. "आजोबा, पाणी काय तुमची बस आहे? ते रोज पाऊण तासाने पुढे सरकतं."

"रोज उशिरा? आणि कोणी विचारत नाही?"

"कोण विचारणार?" बाई हसली. "उद्या सकाळी साडेनऊला ओहोटी. आठ ते अकरा खडक तुमचा. चारला या, पोहत जा."

पोहायचं कसलं? चिलखताचा गोंद पाणी लागलं की सुटणारा. मिनिटरावांनी कपाळावर हात मारून घेतला. उभ्या जन्मात एक गाडी चुकवली नव्हती, आणि नातीने भरवशाने दिलेलं एकुलतं एक काम असं बुडत होतं.

ते घरी नाही गेले, थेट रंगाच्या दुकानात गेले. मित्र डबे लावत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आजोबा, सकाळी नाही जमायचं. मालक म्हणतात, सुट्टी हवी तर बदली माणूस आण."

"माणूस आहे," मिनिटराव म्हणाले.

"कोण?"

"तुझ्यासमोर उभा आहे."

घरी येऊन त्यांनी नातीला चूक आणि दुकानात ठरलेली बदली सांगितली, एका दमात, काहीही न लपवता. नातीने कागद हातात घेतला. शेवटची ओळ पाहून म्हणाली, "पण तुम्ही दुकानात बसलात तर फोटो बघायला कसे याल?"

"फोटोत खडक दिसला म्हणजे झालं. मी काय, रोजचाच." त्यांनी शेवटची ओळ खोडली आणि सगळ्या वेळा नव्याने लिहिल्या.

रविवारी सकाळी मिनिटराव गल्ल्यामागे उभे. स्टूल होतं, पण बसतंय कोण. गिऱ्हाइकाने पांढरा रंग मागितला, यांनी पिवळा काढला. साडेनऊला दारात येऊन आभाळ बघितलं. पावणेदहाला वारा बघितला. "कुणाची वाट बघताय का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"पाण्याची," ते म्हणाले. गिऱ्हाईक बिचारं रंग घेऊन निघून गेलं.

बारा दहाला दुकानाच्या दारात समुद्रातली पहारेकरीण उभी राहिली. चंदेरी चिलखत, हिरवे केस, गुडघ्यापर्यंत ओली. मागे मित्र, कॅमेरा छातीशी धरून. रांगेतली दोन माणसं आपोआप बाजूला सरकली.

मिनिटरावांनी घड्याळ बघितलं. "बाराला यायचं होतं."

"येताना एक लाट आली, आजोबा. खांद्यावरचा खवला सुटला."

"आणि फोटो?"

"नऊ चाळीसला. सगळे खडकावरचे."

त्यांनी खिशातून कागद काढून फोटोच्या ओळीवर खूण केली. मग मागच्या फळीवरून गोंदाची नळी घेतली, नातीला स्टुलावर बसवलं आणि सुटलेला खवला जागच्या जागी दाबून धरला.

"किती वेळ धरायचा?" नातीने विचारलं.

नळीवर पाच मिनिटं लिहिलं होतं. मिनिटराव म्हणाले, "वाळेपर्यंत."