नाखोन पाथोमला नेलेला सॉरी

मार्चमधल्या एका मंगळवारी माझा भाऊ अमोल थायलंडमध्ये वारला. फोन त्याच्या बायकोने केला. मी उचलला. आई शेजारी बसून भाजी निवडत होती.

अमोल बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात रंगाई खात्यात होता. तिथून त्याच कामावर बँकॉकच्या पश्चिमेला नाखोन पाथोम या गावी गेला, प्रानी नावाच्या बाईच्या प्रेमात पडला, लग्न केले, आणि मग आम्हाला कळवले. आईचा राग लग्नावर नव्हता. 'आणि मग'वर होता. सणासुदीला फोन यायचा, पडद्यावर प्रानी हात जोडून उभी असायची, आणि आईला नेमके तेव्हाच गॅसवरचे दूध पाहायला जायचे असायचे. अशी काही वर्षे गेली. एवढे दूध आमच्याकडे कधीच नव्हते.

कन्हानचा मामा तर नाव ऐकूनच थांबला होता. "प्राणी? अवं, नागपुरात प्राणी कमी होते का?"

थाई भाषेत प्रानी म्हणजे दया, असे मी शब्दकोशात पाहून त्याला सांगितले.

"मंग सरळ दया म्हणा ना बाप्पा," मामा म्हणाला.

माझ्याकडे पासपोर्ट नव्हता, त्यामुळे अंत्यविधीला जाता आले नाही. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझा प्रवास कपाटापासून टेबलापर्यंतचा. तिकडे शंभराव्या दिवशी विहारात विधी करतात, त्याला ताईने यावे, असा प्रानीचा निरोप आला. पुढे एक वाक्य होते : आईचा फोन नको.

निघायच्या आदल्या दिवशी आई माझ्या बॅगेजवळ येऊन बसली. संत्रा बर्फीचे डबे इकडचे तिकडे केले, भिवापुरी मिरचीची पुडी हुंगली, आणि म्हणाली, "तिले माझ्याकडून सॉरी सांग."

आईने हा शब्द कधी वापरल्याचे मला आठवत नव्हते. वडिलांना तर नाहीच.

"मराठीत सांगू?"

"मराठीत तिले काय समजीन? तिच्या भाषेत सांग. आन मंग विचार, मले शंभरावा दिवस फोनवर पाहता येईन का. पोराचं काईच नाई पाहिलं मी."

थायलंड म्हटले की नागपुरात पुरुष हसतात आणि बायका त्या पुरुषांकडे पाहतात. रजेचा अर्ज दिला तेव्हा आमच्या कार्यालयातही तसेच झाले. 'भावाच्या शंभराव्या दिवसासाठी' हे कारण वाचल्यावर सगळे गंभीर झाले आणि एकेक करून मला सॉरी म्हणून गेले. जणू अमोलला त्यांनीच मारले होते.

कोलकात्यात विमान बदलून मी बँकॉकला उतरले. सामानाचा पट्टा अर्ध्यावर थांबला. लगेच एका बाईचा रेकॉर्ड केलेला, इतका गोड आवाज आला की पट्टा आणखी थोडा वेळ बंद राहिला तरी चालेल असे वाटले. त्या बोलण्यात 'खो अफाय' हे शब्द होते. पाठोपाठ इंग्रजी तर्जुमा आला : सॉरी. तेवढ्यात एका गृहस्थांची ढकलगाडी माझ्या पोटरीवर आली. ते 'खो थोट' म्हणाले आणि स्वतःच भाषांतर करून मोकळे झाले : "सॉरी, सॉरी." मी पोटरी चोळत खिशातला शब्दकोश उघडला. सॉरीखाली आणखीही शब्द होते. मी आईचा एक सॉरी घेऊन आले होते आणि इथे त्याला ठेवायला इतके कप्पे निघाले.

नाखोन पाथोमला रेल्वेने गेले. खिडकीतून भाताची खाचरे, मग कारखाने, मग परत खाचरे दिसत होती. गावाचे नाव म्हणजे आपलेच 'नगर' आणि 'प्रथम', हे मला वाचून ठाऊक होते. गावाच्या मध्यभागी प्रचंड स्तूप आहे, नारिंगी कौलांचा. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाची सवय असलेल्या डोळ्यांना तो अवाढव्य संत्र्यासारखा वाटला. हे मी तिथे कुणाला सांगितले नाही.

प्रानी स्टेशनवर आली होती. काळा सदरा, केस मागे बांधलेले, फोनवर दिसायची त्यापेक्षा उंच. तिने हात जोडले आणि विचारले, "जेवली का वं?"

माझी बॅग हातातून सुटली. तिला आमची बोली अमोलने शिकवली होती. अमोलनेच शिकवल्यामुळे तिला येणाऱ्यातले निम्मे इथे लिहिण्यासारखे नाही, आणि त्याचा अर्थ काय आहे हे तिला कुणी सांगितलेले नसावे. रिक्षावाल्याला तिने हसतमुखाने एक शिवी दिली. त्यानेही हात जोडले.

तिची घराबाहेर छोटी हातगाडी आहे. 'खनोम क्रोक' (नारळाच्या दुधातले आप्पे, पात्रही आपल्या आप्पेपात्रासारखेच) विकते. दुपारी तिने कच्च्या पपईची कोशिंबीर कांडून पुढे ठेवली आणि बोटाने दाखवले : तिखट आहे. मी सावजी जेवणाच्या गावची. "मले नको सांगू," म्हणून मोठा घास घेतला. दुसऱ्या क्षणी डोळे, नाक, कान सगळे वाहू लागले.

"काहून रडून राहिली?" प्रानीने विचारले.

मी मिरचीकडे बोट केले. तिने मिरचीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि स्वतःही तेवढाच मोठा घास घेतला. मग आम्ही दोघी मिरचीच्या नावावर बराच वेळ बसलो.

शेजारी ख्रू माली राहतात. ख्रू म्हणजे शिक्षिका. शब्द आपल्या 'गुरू'तला. जन्मभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवले आणि त्या भाषेवरचा राग अजून गेलेला नाही. मी त्यांना गाठून आईचा निरोप सांगितला.

"सॉरी? कोणता?" त्यांनी विचारले.

"सासूकडून सुनेला."

"ते नव्हे. झालंय काय? पायावर पाय पडला, मन दुखावलं, की कुणी मेलं?"

"तिन्ही," मी म्हणाले.

ख्रू मालींनी चष्मा काढला. "तुमच्या त्या इंग्रजांनी सगळं एका शब्दात उरकलंय."

"आमचे नाहीत हो ते."

"आमचे तर मुळीच नाहीत. बरं, खो थोट घ्या. थोट म्हणजे दोष. दोष माझा, असं कबूल करायचं. आई करतील?"

मी आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. "कठीण आहे."

"मग खो अफाय. अभय मागायचं. पण तो सरकारी शब्द. रस्ता खणला की पाटीवर लिहितात. त्याने मन भरत नाही आणि खड्डाही भरत नाही." त्या विचारात पडल्या. "सिया चाय म्हणता येईल. चाय म्हणजे चहा नाही, मन. सिया म्हणजे बिघडलं. फ्रिज बिघडला तरी सिया, दूध नासलं तरी सिया, माणूस गेला तरी सिया. पण हे तिला गेले तीन महिने सगळं गाव म्हणतंय. कंटाळली असेल."

शब्दकोशात पाहिलेला 'सोंगसान' मी पुढे केला. तो तर आपला 'संसार'च होता.

"चुकूनही नको!" त्या ओरडल्या. "त्याचा अर्थ कीव येणं. ती हाकलून देईल."

ज्याला आपण संसार म्हणतो त्याला हे लोक कीव म्हणतात. लग्न न केलेल्या मला ही भाषा तिथेच पटली. पण काम अडले होते. सासूने सुनेला म्हणायचा शब्द थाईत सापडत नव्हता, आणि आपण थाईंना कशाला हसावे? मराठीत तरी कुठे आहे?

संध्याकाळी प्रानी गाडीवरचे पात्र पुसत असताना आम्ही दोघी जाऊन उभ्या राहिलो. मी इंग्रजीत सांगितले, ख्रू मालींनी थाईत. धोका नको म्हणून त्यांनी खो थोट आणि सिया चाय दोन्ही घातले. आईला शंभरावा दिवस पाहायचा आहे, हेही सांगितले. प्रानीने एकेक खळगा पुसून पुरा केला. मग ती बोलली, थोडेसेच.

"ती म्हणते, सॉरी ताईच्या तोंडून आलाय. आईंना तोंड आहे ना?" ख्रू माली म्हणाल्या आणि माझी नजर टाळून पुढे बोलल्या, "फोन नकोच म्हणते."

मी आईला कळवले.

"नाई म्हणाली ना?" आईने विचारले.

"हो."

"बरोबर हाय तिचं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

शंभराव्या दिवशी सकाळी ख्रू मालींना घेऊन आम्ही 'वात'मध्ये (विहारात) गेलो. भिक्खू ओळीने बसले, समोर आम्ही चटईवर. 'फुत्थांग सारनांग' सुरू झाले तेव्हा क्षणभर कळले नाही. कळले तेव्हा मी आपल्या उच्चारात 'बुद्धं सरणं' म्हणू लागले, गरजेपेक्षा थोडे मोठ्याने. पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिले. प्रानीने अमोल करायचा तशी सावजी रश्शातली मासळी केली होती. एका वृद्ध भिक्खूंनी ती शांतपणे खाल्ली आणि दोनदा पाणी घेतले.

जेवण झाल्यावर प्रानीने पितळेची एक छोटी झारी माझ्या हातात दिली. दुसरी तिच्याजवळ होती. याला 'क्रुआत नाम' म्हणतात : भिक्खू पठण करतात तेव्हा झारीतले पाणी सावकाश वाटीत ओतायचे आणि आपले पुण्य गेलेल्या माणसाला द्यायचे. झारी बायकोजवळ असते. तिने मला बहिणीचा मान दिला होता.

आणि मी झारी हातात घेऊन नुसती बसले. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा शपथ घेऊन श्राद्ध सोडले, पिंडदान सोडले. तेव्हापासून आमच्या घरात मृताच्या नावाने पाणी सोडत नाहीत. वडील गेले तेव्हा वंदना झाली, पाणी नाही. मी झारी चटईवर ठेवली.

प्रानीने ते पाहिले. आई फोनवरून दुधाकडे निघाली की तिचा चेहरा जसा होत असेल, तसा झाला.

"काहून?" तिने विचारले.

शपथेला थाईत काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. "आईले विचारा लागते," एवढेच सुचले.

"आई," ती म्हणाली. मग रागाने फोनकडे हात केला. "विचार!"

मी व्हिडिओ कॉल लावला. आईने पहिल्याच घंटीला उचलला. पांढरे पातळ नेसून, फोन हातात घेऊन बसली होती. तिला कुणी बोलावले नव्हते.

"आई, इथं अमोलच्या नावानं पाणी सोडतात."

"श्राद्धाचं?"

"हे लोक पुण्य देणं म्हणतात."

"काईही म्हणो. तुह्या आजोबानं सोडलं ते सोडलं. तू नको टाकू." तिने माझ्या शेजारी पाहिले. "ती टाकते का?"

"हो."

"टाकू दे. तिची रीत हाय." आईने फोन डोळ्यांजवळ नेला. "त्या मागच्या बाया काहून तिले हात लावून बसल्या?"

मी ख्रू मालींना विचारून सांगितले : ज्यांच्याकडे झारी नाही ते ओतणाऱ्याला हात लावतात, हात लावणाऱ्याला मागचे लावतात. एकीने ओतले की सगळ्यांचे होते.

"मंग लाव ना हात!" आई म्हणाली. "हात लावाची कुठं बंदी हाय? पाणी तिनं टाकाचं, हात आपण लावाचा." आणि मग वेगळ्याच आवाजात, "मले कसं जमीन?"

मी इंग्रजीत सांगत होते ते ख्रू माली कुजबुजत प्रानीला थाईत सांगत होत्या. पठण सुरू झाले होते. प्रानीने माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटले, बंद करणार. तिने पडद्याकडे पाहिले, आईने तिच्याकडे. मग तिने फोन माझ्या तळहातावर ठेवला आणि माझा हात फोनसकट स्वतःच्या खांद्यावर दाबून धरला, पडदा खाली. झारी उचलली.

"काईच दिसून नाई राहिलं वं," तिच्या खांद्यातून आईचा आवाज आला. थोड्या वेळाने, "राहू दे. राहू दे तसंच."

पाण्याची धार बारीक होती, तुटली नाही. संपल्यावर वाटी बाहेर नेऊन पिंपळाच्या मुळाशी ओतायची असते. ती ओतल्यावर प्रानीने फोन स्वतः हातात घेतला.

"सॉरी वं बाई," आई म्हणाली.

"कोणता सांगू?" ख्रू मालींनी घाईने मला विचारले.

"माय तोंग," (गरज नाही) प्रानी त्यांना म्हणाली. मग फोनला म्हणाली, "मे, (आई) जेवली का वं?"

"एवढ्या सकायी कोण जेवते?" आई म्हणाली. "तू जेव."

परतीच्या विमानात शब्दकोश उघडून पाहिला. सगळे कप्पे जागच्या जागी होते आणि मला त्यांतल्या एकाचाही उपयोग झाला नव्हता. ग्रंथपालाने हे कबूल करू नये, पण खांद्यावर हात ठेवण्याची नोंद कुठल्याच कोशात नसते. नागपुरात उतरले तेव्हा ढग दाटले होते आणि पाऊस नव्हता. घरी आईने आधी भिक्खूंच्या उच्चारांवर नापसंती नोंदवली आणि मग अमोलचा फोटो विहाराच्या भिंतीत कुठे लावला आहे ते विचारले. मी सांगितले : आतल्या बाजूला, सावलीत. अस्थी त्यामागेच आहेत.

अमोल नाही. रविवारी प्रानीचा फोन येतो आणि आई तो उचलते.