बिराजदारांचा मेंदू आणि माझी पोटदुखी

स्टाफरूममधला एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याच्यामागे चार ताटकळत उभे! माझ्याजवळचे सगळे किस्से मात्र बिराजदारांचेच निघतात, आणि ते सांगताना अजून माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

मी, कुलकर्णी, सोलापूरच्या त्या शाळेत बारा वर्षं सायन्स शिकवत होतो. सायन्सच्या मुख्य मास्तरांची जागा रिकामी व्हायची होती. ती मलाच मिळणार, असं मी घरीदारी सांगूनही बसलो होतो. तेवढ्यात अक्कलकोटचे बिराजदार मुंबईहून मास्तरकीची बी.टी. पदवी घेऊन आले. येताना मेंदूचं शास्त्र घेऊन आले!

*

संस्कृतच्या शास्त्रीबुवांना स्टाफरूमच्या बुटक्या दारातून वाकून यायची सवय. सुट्टीत ते दार उंच केलं, तरी बुवा आपले वाकूनच आत! आम्ही हसलो.

"हसू नका," बिराजदार म्हणाले. "रोज वाकून वाकून मेंदूत वाट पडलीय. दार बदललं, वाट तीच की!"

शास्त्रीबुवा खूश. "म्हणजे हेडमास्तरांपुढेसुद्धा मी नाही वाकत, माझा मेंदू वाकतो!"

सगळे पोट धरून हसले. बुवांना बारा वर्षं वाकताना मीही पाहत होतो, मला का नाही सुचलं?

*

आमचे डबे गिरणीच्या दुपारच्या भोंग्यावर उघडायचे. एकदा गिरणीत संप झाला, भोंगा बंद. दीड वाजला तरी कुणाला भूक नाही! शेवटी हेडमास्तरच बाहेर आले. "आज भोंगा झाला का हो?"

बिराजदारांनी लगेच समजावलं, "भोंगा ऐकला की भूक लागायची, असं मेंदूनं जोडून ठेवलंय."

चार दिवसांनी हे सगळं मी घरी स्वतःच्या नावावर खपवलं. आमच्या मंडळींनी भाकरी वाढता वाढता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काल हळदीकुंकवाला बिराजदारवहिनी भोंग्याचं हेच सांगत होत्या. भाऊजी किती हुशार, नाही?"

मी भाकरीलाच नाव ठेवलं, करपलीय म्हणून.

*

शिपाई मल्लप्पाचं एक बोट पूर्वी गिरणीच्या पट्ट्यात गेलेलं. थंडीत ते नसलेलं बोट खाजतं म्हणायचा. "भ्रम आहे तुझा," म्हणून मी त्याला वाटेला लावायचो.

बिराजदारांनी त्याला समोर बसवलं. "बोट गेलं, पण मेंदूनं त्याची जागा अजून राखून ठेवलीय. खाज खरीच आहे."

मल्लप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजी मी येडा न्हाय! ह्ये कुलकर्णी मास्तर बारा वर्सं मला येडा म्हनत व्हते की!"

त्या दिवसापासून पहिला वाफाळता चहा बिराजदारांना. मला साय धरलेला.

*

मग इन्स्पेक्टर आले. मुख्य मास्तर कोण, ते त्याच दिवशी ठरायचं होतं. बिराजदारांनी मेंदूचा प्लास्टरचा नमुना मागवला होता, सुटे भाग काढता-घालता येणारा. सकाळी खोलीत कुणी नव्हतं. मी त्यातला लहान मेंदू काढून घेतला. हो, मीच! कपाटामागे टाकणार, तोच मल्लप्पा झाडू घेऊन आला. घाईघाईनं मेंदू कोटाच्या खिशात कोंबला.

बिराजदारांनी इन्स्पेक्टरांपुढे नमुना उघडला आणि मागच्या रिकाम्या खाचेत बोट फिरवलं.

"लहान मेंदू कुठाय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "आणि तो नसला तर काय होतं, सांगा."

"साहेब, तोल जातो. वस्तू धरायला गेलं की हात थरथरतो."

नेमका तेव्हा मी साहेबांपुढे चहा धरला होता. कप बशीवर ताशासारखा वाजायला लागला!

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बिराजदारांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग फुगलेल्या खिशाकडे. आता संपलं सगळं, मला वाटलं.

"साहेब, तो भाग फुटला होता," बिराजदार शांतपणे म्हणाले. "कुलकर्णींकडे दुरुस्तीला दिलाय. त्यांचा हात फार चांगला."

मी खिशातून लहान मेंदू काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उजेडात धरून चारी बाजूंनी न्याहाळला.

"वा! कुठे जोडलंय ते कळतसुद्धा नाही!" आणि माझ्याकडे बोट करून हेडमास्तरांना म्हणाले, "मुख्य मास्तर यांनाच करा!"